वर्गणीच्या बळावर दोनशे वर्षे : आरएनएलआय या जीवरक्षक नौका संस्थेचा इतिहास

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असते. सुतारवाड्यात पाणी शिरले म्हटल्यावर पेठापेठांतल्या तालमींतून पोरे बाहेर पडतात. त्यांना बोलावणे धाडावे लागत नाही. नदीकाठच्या गावांत होडी मिळाली नाही तर गुळाची काहील पाण्यात लोटून माणसे काढलेली आहेत. रंकाळ्यात आणि पंचगंगेच्या घाटावर पोहायला शिकलेल्या पिढ्यांना हे धाडस नवीन नाही.

पण पूर ओसरतो, चिखल धुऊन निघतो आणि पोरे आपापल्या कामाला लागतात. पुढच्या पुराला पुन्हा पहिल्यापासून जमवाजमव सुरू होते. हे धाडस वर्षाचे बारा महिने सज्ज कसे ठेवायचे, हा आपल्या पूरबचाव कार्यकर्त्यांपुढचा खरा प्रश्न आहे. म्हणूनच या स्मरणिकेच्या संपादक मंडळाने कोल्हापूरच्या आपल्या मंगळवार पेठेपासून हजारो मैल दूर असलेल्या एका संस्थेचा इतिहास लिहायला सांगितला, तेव्हा ते काम मी आनंदाने स्वीकारले. ब्रिटन आणि आयर्लंडच्या किनाऱ्यावर काम करणारी ‘रॉयल नॅशनल लाईफबोट इन्स्टिट्यूशन’, म्हणजेच आरएनएलआय, ही ती संस्था. ४ मार्च २०२४ रोजी तिला दोनशे वर्षे पूर्ण झाली. हे सरकारी खाते नाही. लोकांच्या वर्गण्या, देणग्या आणि मृत्युपत्रांतून ठेवलेला पैसा यांवर ती उभी आहे, आणि तिच्या नौकांवर जाणारी बहुतेक माणसे आपला पोटापाण्याचा धंदा सांभाळून समुद्रात उतरतात.

स्थापनेपूर्वी : १७८९ ते १८२३

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर टाईन नदीच्या मुखाशी १७८९ साली ‘ॲडव्हेंचर’ नावाचे जहाज वादळात वाळूवर अडकले. किनाऱ्यावर हजारो माणसे उभी होती. बुडणाऱ्यांच्या हाका ऐकू येण्याइतके अंतर कमी होते, पण त्या लाटांत टिकेल अशी होडी गावात एकही नव्हती. लोकांच्या डोळ्यांदेखत खलाशी बुडाले. ती खंत त्या मुखाशी वसलेल्या साऊथ शील्ड्स गावच्या नागरिकांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी समिती नेमली आणि लाटांत न बुडणाऱ्या होडीच्या नमुन्यासाठी बक्षीस जाहीर केले. विल्यम वुडहेव आणि हेन्री ग्रेटहेड यांचे नमुने पुढे आले आणि १७९० साली ‘ओरिजिनल’ ही बुचाच्या पट्ट्या लावलेली नौका पाण्यात उतरली. श्रेय नेमके कोणाचे यावर पुढे बरीच चर्चा झाली. दोघांच्या कसबातून आणि समितीच्या आग्रहातून ती नौका आकाराला आली, एवढे येथे नोंदवणे पुरे.

नंतरच्या काळात अनेक बंदरांनी आपापल्या हिमतीवर अशा नौका घेतल्या. मात्र एका गावाची नौका दुसऱ्या गावाच्या कामी येईलच असे नव्हते. नौकेची डागडुजी कोणी करायची, वल्ही कोणी मारायची, तांडेल गेला तर त्याच्या घरच्यांचे काय, याची व्यवस्था कुठेच नव्हती.

या अडचणीवर उपाय सुचवला सर विल्यम हिलरी यांनी. ते १८०८ पासून आयल ऑफ मॅन बेटावर डग्लस येथे राहत होते. १८२२ च्या उत्तरार्धात त्या बेटाजवळ ‘व्हिजिलंट’ आणि ‘रेसहॉर्स’ ही आरमारी जहाजे संकटात सापडली. ही दृश्ये जवळून पाहिलेल्या हिलरींनी १८२३ साली ब्रिटिश जनतेला उद्देशून एक पत्रक छापले. सगळ्या किनाऱ्यासाठी एकच राष्ट्रीय संस्था असावी, तिने नौका ठेवाव्यात, खलाशांना बक्षिसे द्यावीत आणि मृतांच्या बायकामुलांना आधार द्यावा, अशी त्यांची मांडणी होती. वाचवायचा माणूस शत्रुराष्ट्राचा असला तरी भेद करू नये, हेही त्यांनी त्यात लिहिले. नेपोलियनशी झालेल्या युद्धाला दहा वर्षेही उलटली नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे या वाक्याचे मोल कळते.

१८२४ ते १८४० : पायाभरणी

आरमाराकडून हिलरींना अपेक्षित प्रतिसाद मिळाला नाही, म्हणून ते लंडनच्या व्यापाऱ्यांकडे आणि दानशूरांकडे वळले. खासदार थॉमस विल्सन आणि व्यापारी जॉर्ज हिबर्ट यांनी पुढाकार घेतला. ४ मार्च १८२४ रोजी बिशपगेट येथील लंडन टॅव्हर्नमध्ये सभा भरली. कँटरबरीचे आर्चबिशप अध्यक्षस्थानी होते. राजे चौथे जॉर्ज यांनी आश्रय दिला. बुडत्या जहाजांवरील जीव वाचवणारी राष्ट्रीय संस्था, अशा अर्थाचे लांबलचक नाव त्या दिवशी ठरले. पहिल्या वर्षी सुमारे दहा हजार पौंड जमले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात हॉलंडमध्येही अशाच दोन संस्था उभ्या राहिल्या, म्हणजे हा विचार त्या काळाच्या हवेतच होता.

शौर्यपदके सुरू झाली आणि त्यांत संस्थापकांनाही पदके मिळाली, ती मात्र पदाच्या मानाने नव्हे. २० नोव्हेंबर १८३० रोजी ‘सेंट जॉर्ज’ ही आगबोट डग्लसच्या उपसागरात कॉनिस्टर खडकावर आदळली. तेव्हा एकोणसाठ वर्षांचे असलेले हिलरी पोहता येत नसताना इतर कार्यकर्त्यांबरोबर नौकेत बसले. लाटेने त्यांना समुद्रात फेकले, सहा बरगड्या मोडल्या, तरी सोबत्यांनी त्यांना वर ओढले आणि जहाजावरचे सर्व २२ जण सुखरूप किनाऱ्याला आणले. नंतर त्या खडकावर बुडणाऱ्यांना थांबता यावे म्हणून हिलरींच्या प्रयत्नाने छोटा बुरूज बांधला गेला. १८३२ साली पूर्ण झालेला तो बुरूज आजही उभा आहे.

७ सप्टेंबर १८३८ रोजी ‘फॉर्फरशायर’ ही आगबोट फुटली तेव्हा लाँगस्टोन दीपगृहाच्या रखवालदाराची मुलगी ग्रेस डार्लिंग वडिलांबरोबर वल्ही मारत खडकापर्यंत गेली. संस्थेने बापलेकींना रौप्यपदके दिली. ग्रेसचे नाव इंग्लंडभर घरोघरी पोहोचले. चारच वर्षांनी, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी, ती आजाराने गेली.

१८४० चे दशक : पडता काळ

सुरुवातीचा उत्साह ओसरला, देणगीदारांचे लक्ष दुसरीकडे गेले आणि वार्षिक उत्पन्न काही शे पौंडांवर आले. अनेक ठिकाणच्या नौका शेडमध्ये कुजल्या. काही शाखांनी आपला कारभार वेगळा केला, तर काही पुन्हा जवळ आल्या. हिलरींची अखेरची वर्षे कर्जाच्या विवंचनेत गेली आणि जानेवारी १८४७ मध्ये डग्लस येथे त्यांचे निधन झाले. संस्थापकाने लावलेले रोप आपल्या डोळ्यांसमोर सुकताना पाहावे, यासारखे दुःख सार्वजनिक कामात दुसरे नाही.

१८५० ते १८७० : दुसरा जन्म

डिसेंबर १८४९ मध्ये साऊथ शील्ड्सची ‘प्रॉव्हिडन्स’ ही नौका मदतीला निघाली आणि उलटली. तिच्यावरचे २४ पैकी २० वाटाडे, म्हणजे जहाजांना बंदराची वाट दाखवणारे खलाशी, बुडाले. ज्या गावाने पहिली नौका बांधली, त्याच गावावर हा घाला पडला. त्यानंतर मात्र संस्था खडबडून जागी झाली. नॉर्थम्बरलंडचे ड्यूक अध्यक्ष झाले, रिचर्ड लुईस यांनी चिटणीसपद स्वीकारले. उलटली तरी आपोआप सरळ होणाऱ्या नौकेच्या नमुन्यासाठी १०० गिनींचे बक्षीस लावले गेले. २८० नमुने आले, जेम्स बीचिंग यांचा नमुना पहिला ठरला आणि जेम्स पीक यांनी त्यावर सुधारणा केल्या. १८५४ साली संस्थेने आजचे नाव घेतले.

त्याच वर्षी कॅप्टन जॉन रॉस वॉर्ड यांनी बुचाचे तुकडे शिवलेले जाकीट तयार केले. खलाशांना ते अवजड वाटे, वल्ही मारताना हात अडे. ९ फेब्रुवारी १८६१ ला व्हिटबी येथे एकाच दिवसात अनेक जहाजे किनाऱ्यावर फेकली गेली. गावची नौका पुन्हा पुन्हा गेली आणि अखेरच्या खेपेला उलटली. १३ पैकी १२ जण गेले. वाचला तो हेन्री फ्रीमन, नवे बुचाचे जाकीट अंगात असलेला एकमेव माणूस. त्यानंतर जाकिटाबद्दल कोणाची समजूत घालावी लागली नाही.

आपल्या कार्यकर्त्यांनी या प्रसंगाशी थांबून विचार करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ८ ऑगस्ट २०१९ ला शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळ येथे क्षमतेपेक्षा जास्त माणसे घेतलेली बोट उलटली आणि पुरातून सुटकेच्या वाटेवरच अनेकांचे जीव गेले. पट्टीचा पोहणारादेखील जाकिटाशिवाय पुराच्या पाण्यात उतरू नये.

याच काळात संस्थेने सरकारी अनुदान घेऊन पाहिले. त्याबरोबर नियम आले, देणगीदारही कमी झाले. १८६९ साली ती वाट सोडून संस्था पुन्हा पूर्णपणे लोकांच्या पैशावर उभी राहिली.

१८८० ते १९०० : वर्गणी रस्त्यावर आली

९ डिसेंबर १८८६ च्या रात्री ‘मेक्सिको’ या जर्मन जहाजाच्या मदतीला तीन नौका निघाल्या. तिसऱ्या नौकेने जहाजावरच्या सर्वांना सोडवले, पण साऊथपोर्ट आणि सेंट ॲन्सच्या नौका उलटून २७ कार्यकर्ते बुडाले. संस्थेच्या इतिहासातील हा सर्वांत मोठा आघात. सेंट ॲन्सच्या नौकेवरचा एकही माणूस परतला नाही.

मँचेस्टरचे गिरणीमालक चार्ल्स मॅकारा यांचे घर सेंट ॲन्सला होते. शोकसभा आणि तात्पुरता निधी यावर ते थांबले नाहीत. संस्थेचा पैसा थोड्या श्रीमंतांकडून येतो आणि तोही आटतो, हे त्यांनी हेरले. १० ऑक्टोबर १८९१ ला मँचेस्टरच्या रस्त्यांतून बँड आणि खऱ्या लाईफबोटी घेऊन मिरवणूक निघाली. खिडक्यांतल्या आणि ट्रामच्या टपावरच्या लोकांपर्यंत काठीला बांधलेल्या थैल्या पोहोचल्या. गिरणीकामगारांनी पेन्या टाकल्या आणि एका दिवसात पाच हजारांहून अधिक पौंड जमले. पुढच्या वर्षी मॅरियन मॅकारा यांनी महिलांची मंडळे सुरू केली. समुद्र न पाहिलेली गावेही या कामाशी जोडली गेली ती तेव्हापासून. गणपतीची वर्गणी गोळा करण्यात मुरलेल्या आपल्या पेठेला ही पद्धत समजावून सांगण्याची गरज नाही.

१२ जानेवारी १८९९ ची लिनमथ गावची रात्र तर मुळातून सांगायला हवी. ‘फॉरेस्ट हॉल’ हे जहाज पोरलॉकच्या उपसागरात वादळात सापडले होते. लिनमथच्या धक्क्यावर लाटा अशा चढल्या होत्या की ‘लुईझा’ ही नौका पाण्यात उतरवणेच शक्य नव्हते. तांडेल जॅक क्रोकोम्ब यांनी सुचवले की नौका जमिनीवरून तेरा मैल ओढत नेऊ आणि पोरलॉक वेअरहून समुद्रात सोडू. नौकेचे वजन गाड्यासह सुमारे दहा टन. रात्री आठच्या सुमारास घोडे जुंपले, गावची शंभरेक माणसे, त्यांत बायकाही, दोरांना लागली. काउंटिसबरीचा चढ छातीवर येणारा. वाटेत गाड्याचे चाक निखळले, ते बसवून पुढे निघाले. एका ठिकाणी रस्ता गाड्यापेक्षा अरुंद निघाला, तेव्हा नौका उतरवून लाकडी ओंडक्यांवरून सरकवली आणि गाडा माळावरून वळसा घालून आणला. उतारावर दोर मागे ताणून नौका आवरली. पोरलॉकमध्ये एका बागेची भिंत पाडावी लागली, एक झाड तोडावे लागले. सकाळी साडेसहाला नौका समुद्रापाशी पोहोचली आणि रात्रभर राबलेले खलाशी काही न खाता तिच्यात बसले. ‘फॉरेस्ट हॉल’वरचा एकही माणूस दगावला नाही. या श्रमांत चार घोडे मेले, हेही इतिहासाने नोंदवले आहे आणि ते योग्यच केले आहे.

१९०० ते १९२० : वल्ह्यांकडून इंजिनाकडे

वाफेची पहिली लाईफबोट १८९० मध्येच आली होती. १९०४ पासून मोटर इंजिनाचे प्रयोग सुरू झाले. जुन्या तांडेलांचा इंजिनावर लगेच विश्वास बसला नाही आणि तो बसावा कसा, समुद्राचे पाणी गेले की इंजिन बंद पडायचे. ही शंका फिटली ३० ऑक्टोबर १९१४ नंतर. ‘रोहिला’ हे जहाज मुळात हिंदुस्थानकडे येणारे, ब्रिटिश इंडिया कंपनीचे. युद्धात रुग्णालय म्हणून निघालेले हे जहाज व्हिटबीच्या खडकावर चढले. २२९ माणसे त्यावर होती. वल्ह्यांच्या नौकांनी दोन दिवस पराकाष्ठा केली, काहींना वाचवले, पुढे लाटांनी वाट अडवली. अखेर टाईनमथहून ‘हेन्री व्हर्नन’ ही मोटर लाईफबोट रात्रीच्या अंधारात, युद्धामुळे किनाऱ्यावरचे दिवे विझलेले असताना, चाळीस मैलांहून अधिक अंतर कापून आली आणि उरलेल्या ५० जणांना घेऊन गेली.

१९२० ते १९५० : म्हाताऱ्यांनी पेललेले युद्ध

या काळातले सर्वांत मोठे नाव क्रोमर गावचे तांडेल हेन्री ब्लॉग. धंदा खेकडे पकडण्याचा. ५३ वर्षांच्या सेवेत त्यांनी आणि त्यांच्या खलाशांनी ८७३ जीव वाचवले. तीन सुवर्ण आणि चार रौप्य पदके मिळूनही हा माणूस आपल्या कामाबद्दल बोलायला नाखूश असे. १९४७ साली ते निवृत्त झाले तेव्हा वय ७१ होते.

दुसऱ्या महायुद्धात तरुण मंडळी आरमारात गेली आणि नौका पन्नाशी ओलांडलेल्या माणसांनी चालवल्या. डंकर्कमधून सैनिक आणायला १९४० मध्ये १९ लाईफबोटी गेल्या. युद्धकाळात संस्थेने ६,३७६ जीव वाचवले. त्यांत पाडलेल्या जर्मन विमानांचे वैमानिकही होते. हिलरींनी १८२३ साली लिहिलेला शब्द असा पाळला गेला. किनाऱ्यावरच्या बायका या सगळ्या काळात बर्फासारख्या पाण्यात कंबरेपर्यंत उतरून नौका लोटत होत्या. त्यांची नावे फारशी नोंदलेली नाहीत, म्हणून येथे त्या सर्वांचे एकत्रित स्मरण करणे हे कर्तव्य आहे.

याच काळात आपल्याकडे १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. जे वाचले, त्यांतल्या अनेकांना रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत घेतले. कोणत्याही संस्थेचे पाठबळ त्यांच्यामागे नव्हते.

१९६० ते १९८० : रबरी बोट

लोक सुट्टीला समुद्रावर जाऊ लागले. किनाऱ्यालगत बुडणाऱ्यांसाठी जड नौका उपयोगाची नव्हती. १९६३ पासून संस्थेने हवा भरलेल्या छोट्या रबरी बोटी घेतल्या. वेल्समधील अटलांटिक कॉलेजचे प्रमुख, निवृत्त आरमारी अधिकारी डेस्मंड होअर आणि त्यांचे विद्यार्थी रबरी नळ्यांना टणक तळ जोडण्याचे प्रयोग करत होते. त्यातून वेगवान आणि लाटेत टिकणारी बोट निघाली. होअर यांनी तिचे हक्क संस्थेला एका पौंडात दिले. टणक तळाच्या या बोटी आज जगभर वापरल्या जातात. फुगवलेल्या रबरी बोटी काय करू शकतात, हे तर २०१९ च्या महापुरात एनडीआरएफच्या जवानांकडे पाहून कोल्हापूरकरांना प्रत्यक्ष कळले आहे.

१९८१ : पेनली

काही वर्षे एखाद्या दशकाएवढी असतात. १९ डिसेंबर १९८१ च्या रात्री कॉर्नवॉलजवळ ‘युनियन स्टार’ या मालवाहू जहाजाचे इंजिन बंद पडले. जहाजावर आठ माणसे होती, त्यांत कप्तानाची पत्नी आणि दोन मुली. हेलिकॉप्टरला कोणालाही उचलता आले नाही. माऊसहोल गावातून ‘सॉलोमन ब्राऊन’ ही लाकडी लाईफबोट निघाली. तांडेल ट्रेव्हेलियन रिचर्ड्स यांनी आलेल्या स्वयंसेवकांतून सात जण निवडले. एका पोराला मात्र त्यांनी परत पाठवले, कारण त्याचा बाप आधीच नौकेत बसला होता. अशा रात्री एका घरातला एकच, हा त्यांचा नियम. चौघांना नौकेवर घेतल्याचा निरोप बिनतारीवर आला. उरलेल्यांसाठी नौका परत वळली आणि निरोप थांबले. दोन्ही बोटींवरचे सोळाही जण गेले.

एका दिवसाच्या आत त्याच गावातून नव्या नौकेसाठी पुरेसे स्वयंसेवक उभे राहिले. परत पाठवलेला तो मुलगा पुढे त्याच केंद्राचा तांडेल झाला.

२००० नंतर : आजचे काम

२००१ पासून संस्थेने समुद्रकिनाऱ्यांवर जीवरक्षक नेमले. ते पगारी असतात आणि नौकांवरचे बहुतेक जण आजही स्वयंसेवक आहेत. २००४ साली इंग्लंडमधील पूल नावाच्या शहरात प्रशिक्षण महाविद्यालय उघडले. तेथील तलावात कृत्रिम लाटा, अंधार आणि पाऊस निर्माण करून नौका उलटल्यावर बाहेर कसे पडायचे ते शिकवतात. पूर्वी खलाशांना बोलवायला आवाजाचा बार उडवत, आता खिशातला पेजर वाजतो आणि शिक्षक, सुतार, दुकानदार हातातले काम टाकून धावतात. स्त्रिया आता किनाऱ्यावरून नौका लोटण्यापुरत्या राहिलेल्या नाहीत, नौका चालवतात. अंतर्गत भागांतील पुरासाठी वेगळी पथके आहेत. २३८ केंद्रे, आणि स्थापनेपासून वाचवलेल्या जिवांची संख्या १ लाख ४० हजारांहून अधिक. सेवेत गेलेल्या सहाशेहून अधिक जणांची नावे पूल येथील स्मारकावर कोरलेली आहेत.

संस्थेने आपले ज्ञान इतरांनाही खुले केले आहे. बांगलादेशात कॉक्स बझारच्या किनाऱ्यावर स्थानिक तरुणांना जीवरक्षक म्हणून तयार करण्यात तिने हात दिला. बुडून होणारे मृत्यू हा जगाचा प्रश्न मानावा यासाठी तिने इतरांच्या साथीने पाठपुरावा केला. बांगलादेश आणि आयर्लंड यांनी मांडलेला ठराव एप्रिल २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्वीकारला आणि २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा जागतिक दिवस ठरला.

तो दिवस पहिल्यांदा पाळला गेला २५ जुलै २०२१ ला. त्या दिवशी पंचगंगा धोक्याच्या पातळीच्या वर होती, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली होता, व्हाईट आर्मीसारख्या संस्थांचे स्वयंसेवक आणि पेठांतली पोरे पूरग्रस्तांसाठी राबत होती. यंदापासून २५ जुलैला, पाणी चढण्याआधी, पेठेतील प्रत्येक तालमीने आपल्या जाकिटांची, दोरांची आणि बोटींची तपासणी करून त्यांची नोंद वहीत करावी, असा प्रस्ताव या स्मरणिकेच्या निमित्ताने कार्यकारिणीपुढे ठेवत आहे.